हात आत

कौआई बेटावर, कोलोआ गावाबाहेर,
साखर कारखान्याच्या बंद चिमणीपलीकडे
पत्र्याची शेड. आठ-दहा उघड्या गाड्या,
दारांच्या जागी जाळी, चाकं माझ्या कमरेएवढी.
कोंबडे मोकाट. एक तर ड्रायव्हरच्या सीटवरच बसलेला,
परवाना असल्यासारखा.

मी कऱ्हाडच्या आर.टी.ओ.त सव्वीस वर्षं काढली.
आठचा आकडा काढता आला नाही म्हणून
वकील परत पाठवले, एक कीर्तनकार,
आणि सख्खा मेव्हणा. दोनदा.
त्यानंतर दोन दिवाळ्या तो आमच्याकडे आला नाही.

आता माझ्यासमोर फळीला चिमटा लावलेला कागद:
मरण आलं, हाड मोडलं, तर जबाबदार मीच.
नऊ जागी आद्याक्षरं. मी ओळ न् ओळ वाचली.
मागे रांग खोकली.
"बाबा, सगळे नुसती सही करतात," मृण्मयी म्हणाली.
तेच तर, म्हटलं.
तेच तर बघत आलोय.

गाइड कालेआ, तेविशीची असेल.
पायात गमबूट, कानामागे फूल नाही, पेन्सिल.
हेल्मेटच्या पट्ट्याखाली तिने स्वतःची दोन बोटं घालून बघितली,
तिसरं शिरेना, तेव्हा मान डोलावली.
पुढच्याची धूळ बसेपर्यंत मागच्याने थांबायचं.
आणि गाडी कलंडू लागली
तर हात बाहेर काढायचा नाही. पाय तर नाहीच.
"पडताना माणूस हात टेकतो," ती म्हणाली,
"दोन पायांवर चालणाऱ्याची खोड ती.
पण ही सातशे किलोची आहे.
तुमचा हात तिला हात वाटणार नाही."

मग मलाच विचारलं, नियम सांगा.
दोन सांगितले. तिसऱ्याला अडकलो.
"परत, अंकल."
इथेही थोरांना अंकलच म्हणतात, त्याचं बरं वाटलं.
नापास झालो, त्याचं नाही.

ऊस कधीच गेला इथून, वाटा तेवढ्या राहिल्या,
लाल, रुंद, कडेला पेरूची झुडपं.
असल्याच वाटांच्या तोंडाशी मी उभा असायचो गळिताच्या दिवसांत,
बिनदिव्यांच्या जोड-ट्रॉल्या अडवायला.
मृण्मयी चालवत होती. माझा उजवा पाय
नसलेला ब्रेक दाबत होता.
मग डबकं आलं.
तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे,
आणि ज्या शब्दावर मी कुणाचंही लायसन्स अडवलं असतं
तो माझ्याच तोंडून निघाला: हाण!
चिखल चष्म्यावर, दातांत, बनियनच्या आत.
मातीला गंजलेल्या खिळ्याची चव होती.
मी हसत होतो. आवाज माझा वाटेना.

उतारावर डावं चाक मुळीवर चढलं.
गाडी माझ्या बाजूला झुकली, किती, सांगता येणार नाही,
आणि मी बघितलं, माझा हात बाहेर निघालाय.

स्कूटरवर पुढे उभी असायची ती, पाच वर्षांची.
ब्रेक लागला की क्लच सोडून
डावा हात तिच्या छातीशी.
तोच हा. आता म्हातारा,
काय धरायला निघाला होता कुणास ठाऊक.

"बाबा, हात!"
मी तो आत घेतला, पट्ट्याला घट्ट धरला.
चारही चाकं जमिनीवर आली, धप्पकन.
तेव्हा कळलं, छातीवर तिचा हात आहे,
उजवा, आडवा, कोपरापर्यंत लाल.
स्टिअरिंग एका हातात. गंभीर चूक.
मी नोंद केली नाही.

धबधब्यापाशी कालेआने केळ्याचा केक कापला.
पाणी बर्फासारखं. मी पाय सोडून बसलो, उजवासुद्धा.

रात्री हॉटेलात बनियन तीनदा धुतलं.
लाल ते लालच.
मेव्हण्याला फोटो पाठवला, हेल्मेटातला, चिखलातला.
तिकडे दुपार असावी. लगेच उत्तर आलं:
दाजी, आठ काढला का?